काया

काया : अंडी, साखर व नारळाचे दूध मंद आचेवर आटवून केलेला, पावाला लावायचा दाट गोड पदार्थ. मलेशिया, सिंगापूर व इंडोनेशियात रूढ. थायलंडमधील ‘सांगखाया’ हा त्याचाच जवळचा प्रकार. त्याला नारळाचा जॅम म्हणतात, पण फळांचा जॅम पेक्टिनमुळे (फळातील चिकट द्रव्य) जमतो, तर काया अंड्यातील प्रथिने गोठल्यामुळे. कृतीतील सारी खबरदारी या फरकातून येते.

मलाय ‘काया’ म्हणजे संपन्न. संस्कृत ‘काया’शी (शरीर) त्याचा संबंध नाही. ‘सेरीकाया’ वा ‘स्रिकाया’ या पूर्ण रूपातील पहिले पद मात्र संस्कृत ‘श्री’वरून आलेले आहे. तेथे सीताफळालाही हेच नाव आहे. हे फळ मूळ अमेरिकेतले असल्याने आशियात सोळाव्या शतकाआधी आले नसावे. म्हणजे फळावरून पदार्थाचे नाव पडले असेल, तर ते नाव तरी पोर्तुगीजांनी मलाय द्वीपकल्पातील मलाक्का जिंकल्यानंतरचे (१५११) ठरते. उलट घडले असल्यास हा युक्तिवाद टिकत नाही. पोर्तुगालमधील ‘ओव्हुश मोलेश’ या अंडी-साखरेच्या पदार्थापासून काया निघाला, असे एक मत आहे. तंत्राचे साम्य त्याला पोषक आहे. गोव्याच्या बेबिंक्यातही नारळाचे दूध, बलक व साखर एकत्र येतात. मात्र तेवढ्यावरून थेट वंशावळ मांडणे धाडसाचे होईल. पंदन या सुवासिक पानांमुळे हिरवा झालेला न्योन्या (तेथील चिनी-मलाय मिश्र समाजाचा) काया आणि कॅरॅमलचा (जाळलेल्या साखरेचा) तपकिरी हाईनानी (चीनमधील हाइनान बेटावरून आलेल्यांचा) काया हा भेद अधिक निश्चित आहे.

कृती : ५ अंडी, २०० ग्रॅ. साखर, २५० मि.लि. नारळाचे जाड (पहिले) दूध, ५-६ पंदनची पाने. दूध शक्यतो पाणी न घालता काढावे. पातळ दुधाने आटवणे लांबते. पंदनचा वास आंबेमोहोर-बासमती तांदळाच्या वासाशी जुळतो, कारण दोहोंतील मुख्य सुगंधी द्रव्य एकच. पंदन केवड्याच्याच कुळातले असले, तरी केवड्याचा अर्क घालू नये. वास निराळा येतो.

अंडी व साखर फेस न आणता ढवळून दुधात मिसळावी आणि मिश्रण गाळावे. पाने गाठ मारून सोडावी. उकळत्या नव्हे, जेमतेम वाफाळत्या पाण्यावर पातेले धरून पाऊण ते एक तास तळापासून ढवळत राहावे. मिश्रण ८० अंश से.च्या आसपास दाटते. ८५च्या पुढे प्रथिने आकसून पाणी सोडतात आणि गुठळ्या होतात. पळीच्या पाठीवर बोटाने ओढलेली रेघ टिकली की उतरवावे. गार झाल्यावर ते आणखी घट्ट होते. तपकिरी प्रकारासाठी २-३ चमचे साखर वेगळी जाळून आधी थोड्या कोमट दुधात विरघळवावी. जळती साखर थेट ओतली तर ती कडक गोळा होते व भोवतीचे अंडे शिजते.

मिश्रण फुटू लागताच पातेले गार पाण्यात ठेवावे व मिक्सरमधून फिरवावे. सुटलेले तेल बहुधा पुन्हा मिसळते. पार शिजलेल्या अंड्याचा वास मात्र जात नाही. किंचित रवाळपणा काहीजण दोष मानत नाहीत. केवळ बलक वापरल्यास पोत मऊ येतो, चव जड होते.

कोरड्या बरणीत, शीतकपाटात काया सुमारे दोन आठवडे टिकतो. बाहेर ठेवू नये; यातील साखर फळांच्या जॅमइतकी नसते.