सूडपट : कुटुंब आणि किशोर

एका अपायाची परतफेड दुसऱ्या, त्याहून जड अपायाने, अशी चढत जाणारी मालिका मांडणारा थरारपट. एका बाजूस घर, म्हणजे आईवडील, मुले, क्वचित आजीआजोबा. दुसऱ्या बाजूस एकटा, बहुधा १६-१७ वर्षांचा मुलगा वा मुलगी. रूढ सूडपटात अन्याय आरंभीच होऊन जातो आणि शेवटी एकदाच त्याची फेड होते. या उपप्रकारात प्रत्येक फेड हाच पुढचा अन्याय ठरतो आणि प्रेक्षकाचा कल घराकडून किशोराकडे व पुन्हा घराकडे सरकत राहतो. सूड उगवण्याला मराठीत उट्टे काढणे, वचपा काढणे, दात धरणे असे पर्याय आहेत. या प्रकाराला सर्वांत जवळचा ‘डूख धरणे’, कारण त्यात घाव घालण्यापेक्षा वाट पाहणे अधिक. साप डूख धरत नाही असे सर्पतज्ज्ञ सांगतात. भाषेने ते ऐकलेले नाही, आणि कथापरंपरेनेही नाही.

उगम : याविषयी एकमत नाही. एक मत नाट्यपरंपरेकडे बोट दाखवते. रोमन नाटककार सेनेका (इ. स. पहिले शतक) याच्या शोकात्मिका आणि त्यांवर पोसलेले एलिझाबेथकालीन इंग्रजी सूडनाट्य हे त्याचे मूळ. यातील टॉमस किडच्या ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’चा काळ १५८२ ते १५९२ यांच्या दरम्यान कुठे तरी धरतात. सु. १६०० चे ‘हॅम्लेट’ गोपाळ गणेश आगरकरांच्या ‘विकारविलसित’मधून (१८८३) मराठीत आले. दुसरे मत १९७० च्या दशकातील हिंदी चित्रपटाच्या संतप्त नायकाला जनकत्व देते. त्याने सूडपटाचा बाजार समजतो, घडण समजत नाही. तिथे खलनायकाला सहसा घर नसते, असलेच तर ते पडद्यावर दिसत नाही.

घडणीपुरते पाहता महाभारताचे आदिपर्व अधिक जवळचे वाटते. शिकारीत थकलेला राजा परीक्षित मौनव्रती शमीक ऋषीच्या गळ्यात मेलेला साप अडकवतो. ऋषी गप्प राहतो. त्याचा तरुण मुलगा शृंगी याला कृश नावाचा सोबती टोचून बोलतो आणि शृंगी शापतो : सातव्या दिवशी तक्षक दंश करील. बाप मुलालाच रागावतो, पण शाप परत घेता येत नाही. विष उतरवू शकणारा काश्यप वाटेतच तक्षकाकडून धन घेऊन माघारी फिरतो. खांबावरच्या बंदोबस्तातील महालात तक्षक फळातला किडा होऊन शिरतो. परीक्षिताचा मुलगा जनमेजय, जो लहानपणीच गादीवर बसला, पुढे सर्पसत्र, म्हणजे सापांची आहुती देणारा यज्ञ, मांडतो. ते थांबवतो तोही एक किशोरच, नागकन्येचा मुलगा आस्तीक.

सर्पसत्राचे कारण मात्र ग्रंथात दोन ठिकाणी दोन तऱ्हेने येते. आस्तीकपर्वात जनमेजय मंत्र्यांकडून बापाच्या मृत्यूची हकीकत ऐकतो. पौष्यपर्वात उत्तंक नावाचा शिष्य त्याला भरीस घालतो, कारण तक्षकाने त्याच्याजवळची कुंडले पळवलेली असतात. पौष्यपर्व बरेचसे गद्य असल्यामुळे काही अभ्यासक ते जुने मानतात. प्रास्ताविक कथांची पुनरुक्ती पाहून इतर काही ते मागाहून जोडलेले समजतात. वि. स. सुखठणकरांनी संपादिलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या आदिपर्वात (१९३३) दोन्ही कथा राखल्या आहेत. पटकथाकाराने वाद न मिटवता दोन्ही घ्याव्यात : घराचे उघड कारण एक, आणि त्या आडून आपले उट्टे काढणारा तिसरा कोणी. पौष्यपर्वाच्याच आरंभी जनमेजयाचे भाऊ सरमा कुत्रीच्या पिल्लाला मारतात. त्याने यज्ञातल्या हवीला तोंडही लावलेले नसते. सरमा जाब विचारते, कोणी उत्तर देत नाही, आणि ती अदृष्ट भयाचा शाप देते. घराने परक्या पोराला विनाकारण मारणे आणि मग गप्प बसणे, इतके नेटके पहिले दृश्य नंतरच्या फार थोड्या पटकथांना साधले आहे.

रचना : पहिला अपाय भरून येण्याजोगा हवा. मेलेला साप गळ्यातून काढता येतो. त्याच मापाचे आजचे अपाय म्हणजे स्कूटरचा फोडलेला आरसा, चोरीचा खोटा आळ, लिफ्टमध्ये सर्वांदेखत मारलेली थप्पड. चढण साधारणतः वस्तू, अब्रू, पाळीव प्राणी, शरीर आणि शेवटी घरातले मूल अशी जाते. वस्तूवरून थेट शरीरावर उडी घेतली की मधल्या पायऱ्या हातच्या जातात आणि उत्तरार्धाला करायला काही उरत नाही. १२० मिनिटांत पाच ते सात फेऱ्या पुरतात. पहिल्या दोन संथ, नंतर प्रत्येकीमधले अंतर कमी. हमखास बिघडते ते किशोराच्या ऐपतीत. त्याच्याकडे वाहन, पैसा, मोकळा वेळ कुठून आला याचा हिशेब नसेल तर तो माणूस राहत नाही, भूत होतो. दुसरी चूक कृश गाळण्याची : चिथावणारा सोबती नसला की किशोराला स्वतःच्या तोंडून भाषणे करावी लागतात.

स्थळ : प्रेक्षक दोन प्रश्न विचारणारच, घर का सोडत नाहीत आणि पोलिसांत का जात नाहीत. पहिल्याला नवी मुंबई बरे उत्तर देते. सिडकोची (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची) जमीन बहुधा भाडेपट्ट्याची असल्याने घर विकायला हस्तांतरणाची परवानगी व शुल्क लागते, शिवाय कर्जाचा हप्ता असतोच. रातोरात निघता येत नाही. पत्ता नोड (म्हणजे उपनगर), सेक्टर, भूखंड अशा क्रमाने चालतो आणि सेक्टर १५ वाशीतही आहे, बेलापुरातही. चुकीच्या दारी पोचलेला सूड इथे ओढूनताणून आणावा लागत नाही. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये घरे सामाईक अंगणाभोवती आहेत. तिथे लपणे कठीण, पाहणे सोपे. ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरील टॉवरमध्ये उलट : फाटकावरची नोंदवही, सीसीटीव्ही, रखवालदार. साठवण भरली की जुने चित्रण पुसले जाऊन त्यावर नवे चढते, म्हणून पुरावा मागायला उशीर झाला हे कारण पटते. जिने, गच्ची आणि पाइपांचा डक्ट मात्र कॅमेऱ्याबाहेर राहू शकतात. ठाण्याच्याच नौपाड्यातल्या जुन्या इमारतींविषयी या दृष्टीने फारसे लिहिले गेलेले नाही.

कायदा : दुसऱ्या, पोलिसांच्या प्रश्नात पटकथा सर्वाधिक चुकतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ (अंमल १५ जानेवारी २०१६ पासून) प्रमाणे १८ वर्षांखालील आरोपीला कोठडीत ठेवता येत नाही; त्याला २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे नेतात, ज्यात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक स्त्री. ठाणे जिल्ह्याचे निरीक्षणगृह भिवंडीत आहे. गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा असेल आणि वय १६ पूर्ण असेल तरच मंडळ प्राथमिक पडताळणी करून खटला बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. वय मोजायचे ते गुन्ह्याच्या दिवशीचे. पुरावा आधी शाळेचा वा दहावीचा दाखला, तो नसल्यास महापालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. घरातल्या प्रौढांना यातले काहीच लागू नाही. त्याच रात्री त्यांनी तेच केले तर त्यांना कोठडी आहे. कथेचा ताण या विषम मापातून येतो. हातकड्या घातलेला १७ वर्षांचा मुलगा दाखवला की तो ताण तिथेच संपतो. बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडमध्ये, पण दोन्हीकडे नवी मुंबईचेच पोलीस आयुक्तालय. खाडीपुलापलीकडची घटना घेतली की पोलीस तेच राहतात, मंडळ बदलते.

चित्रीकरण : १४ वर्षांखालील कलाकारासाठी निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी घ्यायची असते. काम दिवसाला पाच तासांहून अधिक नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही, आणि उत्पन्नापैकी किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे मुदत ठेवीत. म्हणूनही किशोराच्या भूमिकेत १८ पार केलेला नट घेणे सोयीचे पडते. कुत्रा-मांजर वापरायचे तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी हवी. खरा साप टाळावा. देशी सापांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन स्तर झाले. हा प्रकार बहुधा शेवटच्यात किंवा ‘ए’मध्ये पडतो.

सत्यघटनेवरून चित्रपट करायचा असल्यास बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ पाहावे. मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटवणारा कोणताही तपशील उघड केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नाव बदलून सेक्टर आणि शाळेचा गणवेश तोच ठेवला, तर नाव बदलल्याचा उपयोग होत नाही.