मुलांपैकी की मुलग्यांपैकी?

बारावीच्या पूर्वपरीक्षेतला जीवशास्त्राचा पेपर सुटला आणि दहा मिनिटांत एसटी स्टँडच्या कट्ट्यावर प्रश्नपत्रिका उघडल्या गेल्या. जीवशास्त्र शिकवणारी मीही त्याच गाडीसाठी थांबले होते. प्रश्न असा होता: आई रंगांधळेपणाची कॅरिअर, म्हणजे वाहक (स्वतः रंगांधळी नाही, पण दोष पुढे देऊ शकते), आणि बाबा नॉर्मल, तर किती टक्के 'चिल्ड्रेन' रंगांधळे होतील?

"रंगांधळेपणाच्या गणितात काय आलं तुझं?"

"पन्नास टक्के."

"अगं, पंचवीस!"

"शक्यच नाही. आई कॅरिअर, बाबा नॉर्मल. पन्नासच येणार. हवं तर मॅडमना विचार."

मी उत्तर सांगितलं नाही. "मागच्या कोऱ्या बाजूवर चौकोन काढ," एवढंच म्हटलं. पन्नासवालीने काढला. आईची दोन एक्स गुणसूत्रं (पेशीतले आनुवंशिक गुण वाहून नेणारे धागे) वर, त्यांतल्या एकावर दोष. बाबांची एक्स आणि वाय डावीकडे. दोन एक्स म्हणजे मुलगी, एक्स-वाय म्हणजे मुलगा. चार घरं भरली: एक निर्दोष मुलगी, एक वाहक मुलगी, एक निर्दोष मुलगा, एक रंगांधळा मुलगा. चारांत एक, म्हणजे पंचवीस टक्के. तिचं बोट मुलग्यांच्या दोन घरांवर थांबलं. दोनांत एक, म्हणजे पन्नास.

प्रश्नात शब्द होता 'चिल्ड्रेन'. तिने तो इंग्रजीत वाचला, पण विचार मराठीत केला: 'मुलांपैकी किती?' आपल्या भाषेत 'मुलं' म्हणजे अपत्यंही आणि मुलगेही. तिने मुलगे धरले. आकडेमोड बिनचूक होती, फक्त ती वेगळ्या प्रश्नाची होती. इतकी वर्षं हा धडा शिकवूनही हा खड्डा माझ्या लक्षात आला नव्हता. आता वर्गात मी 'अपत्यं' आणि 'मुलगे' असे दोनच शब्द वापरते.

पेपर झाला की उत्तरं ताडून बघू नका, असं घरोघरी सांगितलं जातं. पुढच्या पेपरचं टेन्शन येतं, हे खरंच आहे. तरी कट्ट्यावरची ती वीस मिनिटं मला फार मोलाची वाटतात. रंगांधळेपणाचं कोडं विज्ञानाला सुटलं तेसुद्धा अशीच उत्तरं ताडून बघत.

अणुसिद्धान्तासाठी आपण ज्यांना ओळखतो ते जॉन डाल्टन स्वतः रंगांधळे होते. १७९२ मध्ये त्यांनी जिरेनियमचं एक गुलाबी फूल मेणबत्तीच्या उजेडात पाहिलं. दिवसा त्यांना ते जवळजवळ आकाशी दिसायचं. आता ते लालसर दिसत होतं. त्यांनी आजूबाजूच्यांना विचारलं. एवढा फरक कुणालाच दिसत नव्हता. दिसत होता तो एकट्या भावाला. दोघा भावांचं उत्तर तंतोतंत जुळलं आणि बाकी सगळ्यांशी चुकलं. दोष घराण्यात आहे, ही खूण तिथे मिळाली.

१७९४ मध्ये मँचेस्टरच्या विद्वत्सभेत त्यांनी यावर निबंध वाचला. त्यांचा तर्क असा: माझ्या डोळ्यांतला काचेसारखा द्रव निळसर असावा आणि तोच तांबडा प्रकाश अडवत असावा. जिवंतपणी हे तपासता येणार नव्हतं, म्हणून मृत्यूनंतर डोळे तपासावेत असं त्यांनी सांगून ठेवलं. १८४४ मध्ये ते वारले. त्यांच्या डॉक्टरांनी एका डोळ्यातला द्रव काचेच्या बशीत घेतला. तो अगदी स्वच्छ, नितळ होता. दुसऱ्या डोळ्याच्या मागच्या बाजूला छेद घेऊन त्यांनी आरपार पाहिलं, तर लाल आणि हिरवा रंग जसेच्या तसे दिसले. डाल्टन यांचं उत्तर चुकलं होतं.

इंग्लिश शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी मात्र १८०७ मध्येच वेगळं उत्तर मांडलं होतं. दोष डोळ्यातल्या द्रवात नसून दृष्टिपटलात आहे आणि तिथे तांबडा रंग टिपणारा भागच नाही, असं त्यांचं म्हणणं. डाल्टन यांचे डोळे मँचेस्टरमध्ये जपून ठेवले होते. त्या वाळलेल्या ऊतीतून डीएनए काढून तपासलं गेलं आणि १९९५ मध्ये निकाल आला: नव्हतं ते हिरवा प्रकाश टिपणारं रंगद्रव्य, तांबडा टिपणारं नव्हे. म्हणजे यंग यांची पद्धत बरोबर, पण शेवटची ओळ चुकली. आमच्याकडे अशा उत्तराला पद्धतीचे गुण मिळतात.

या दोन्ही रंगद्रव्यांची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारी शेजारी असतात. मुलग्याला एक्स मिळतो तो फक्त आईकडून, त्यामुळे डाल्टन बंधूंना हा दोष आईकडूनच आला. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला धोका निम्मा, आणि दोघांनाही तो दोष असण्याची शक्यता एक चतुर्थांश. चौकोनातली चार घरं म्हणजे चार भावंडं नव्हेत, हेही इथे दिसतं. प्रत्येक जन्माला नाणं नव्याने उडतं.

पुन्हा त्या मुलीकडे येते. चुकल्याचं कळताच तिचा चेहरा उतरला, पण तिच्या ठाम चुकीत मला फायदा दिसत होता. २००१ मध्ये बटरफील्ड आणि मेटकाफ या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले, प्रत्येक उत्तराची किती खात्री वाटते तेही विचारलं, मग बरोबर उत्तर सांगितलं आणि नंतर पुन्हा परीक्षा घेतली. छातीठोकपणे दिलेली चुकीची उत्तरं जास्त करून सुधारली. चाचपडत दिलेली त्या मानाने कमी. याचं एक कारण असं दिलं जातं की खात्रीचं उत्तर चुकलं की आपण दचकतो आणि त्या दचकण्याने लक्ष खेचलं जातं. 'पन्नासच येणार' म्हणणारी मुलगी 'चिल्ड्रेन' हा शब्द पुढे सहजासहजी विसरणार नाही, असं मला वाटतं ते यामुळेच.

मात्र बरोबर उत्तर कुठून येतं हे महत्त्वाचं. कट्ट्यावर बहुतेक वेळा मोठ्या आवाजाचं उत्तर खरं मानलं जातं. विज्ञानातही असं झालं आहे. माणसाची गुणसूत्रं ४८, असं १९२३ मध्ये पेंटर या संशोधकाने सांगितलं आणि पुढची तीसेक वर्षं जगाने तेच धरलं. स्वीडनमधल्या काही संशोधकांना यकृताच्या पेशींत ४८ भरेनात, तेव्हा त्यांनी ते कामच थांबवलं. शेवटी १९५६ मध्ये टिजो आणि लेवन यांनी स्पष्ट चित्रांसह ४६ हा आकडा छापला. आधीच्यांच्या डोळ्यांसमोर खरं उत्तर होतं, पण ते इतरांशी जुळत नव्हतं म्हणून त्यांनी स्वतःवरच शंका घेतली. म्हणून मी पोरांना सांगते, 'तुझं काय आलं?' याच्या पाठोपाठ 'कसं आलं?' हेही विचारा.

गाडी लागली. दोघी माझ्या पुढच्याच बाकावर बसल्या. सुटता सुटता खिडकीपाशी आवाज आला, "ए, पण मग रंगांधळी मुलगी व्हायची तर बाबा कसे पाहिजेत?" पेन पुन्हा बाहेर निघालं आणि हादरत्या गाडीत मैत्रिणीच्या प्रश्नपत्रिकेमागे नवा, वाकडातिकडा चौकोन आखला जाऊ लागला.