द बेंड्स (अल्बम)

'द बेंड्स' हा रेडिओहेड या इंग्लिश ऑल्टरनेटिव्ह रॉक बँडचा दुसरा स्टुडिओ अल्बम. पार्लोफोन कंपनीने तो १३ मार्च १९९५ रोजी ब्रिटनमध्ये प्रसिद्ध केला. त्यात बारा गाणी आहेत.

पाणबुड्या खोल पाण्यातून घाईने वर आला की अंगावरचा दाब एकदम उतरतो, रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे धरतात आणि सांधे असह्य ठणकू लागतात. या व्याधीला इंग्रजीत 'बेंड्स' म्हणतात. अल्बमला याहून चपखल नाव सापडले नसते. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनमध्ये शाळेत असताना एकत्र आलेल्या या पाच जणांना 'क्रीप' या एकाच गाण्याने फार झपाट्याने वर आणले होते. १९९२ मध्ये आलेले ते गाणे पुढच्या वर्षी देशोदेशी गाजले आणि जिथे जावे तिथे त्याचीच फर्माईश होऊ लागली. हा एका गाण्याचा बँड, असा शिक्का बसण्याची वेळ आली होती.

ध्वनिमुद्रण १९९४ च्या सुरुवातीला लंडनच्या आरएके स्टुडिओत सुरू झाले. निर्माता होता जॉन लेकी. कंपनीला पुढचे हुकमी गाणे लवकर हवे होते आणि त्या धास्तीने काम पुढे सरकेना. बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुडने नव्या नादाच्या शोधात भाड्याने गिटारी आणि अ‍ॅम्प्लिफायर आणून पाहिले. शेवटी तो स्वतःच्या टेलिकास्टर गिटारीकडेच वळला. मग काम अर्धवट ठेवून बँड दौऱ्यावर गेला. श्रोत्यांसमोर वाजवून वाजवून गाणी हातात बसली, आणि परतल्यावर ऑक्सफर्डशायरमधल्या मॅनर स्टुडिओत काम भराभर झाले.

'माय आयर्न लंग' तर मे १९९४ मध्ये लंडनच्या अ‍ॅस्टोरियात झालेल्या मैफलीचेच ध्वनिमुद्रण आहे. गायक टॉम यॉर्कने फक्त आपला आवाज नंतर नव्याने भरला. आयर्न लंग म्हणजे पोलिओच्या रुग्णांना श्वास पुरवणारी लोखंडी पेटी. 'क्रीप'नेही बँडला असेच जगवले आणि जखडूनही ठेवले होते.

अल्बमचा गाभा मात्र 'फेक प्लास्टिक ट्रीज'मध्ये आहे. अमेरिकन गायक जेफ बकलीचा कार्यक्रम ऐकून आलेल्या यॉर्कने ते एकट्याने, अकूस्टिक गिटारवर गायले आणि गाऊन झाल्यावर त्याला रडू कोसळले. बाकीची वाद्ये त्या गायनावर मागाहून चढवली गेली. म्हणूनच ऑर्गन आणि तंतुवाद्ये त्याच्या श्वासाच्या मागून दबकत येतात. मध्यावर ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारींचा लोट उसळतो, नि ओसरला की पुन्हा तोच एकटा आवाज उरतो. हे गाणे हेडफोन लावून, एकांतात ऐकावे.

मुखपृष्ठासाठी चित्रकार स्टॅनली डॉनवुडने कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकवण्याच्या पुतळ्याचे व्हिडिओ चित्रण केले आणि टीव्हीच्या पडद्यावरून त्याचे छायाचित्र घेतले. चेहऱ्यावरची वेदना आणि सुख यांतला फरक त्यात कळत नाही. डॉनवुड पुढे बँडचा कायमचा चित्रकार झाला. याच अल्बमवर ध्वनितंत्रज्ञ असलेल्या नायजेल गॉड्रिचकडे पुढच्या, १९९७ च्या 'ओके कंप्युटर'ची सहनिर्मिती आली.

ब्रिटपॉप या नव्वदच्या दशकातल्या ब्रिटिश गिटार-पॉपच्या लाटेच्या भरात आलेला हा अल्बम ब्रिटनच्या यादीत चौथ्या स्थानापर्यंत गेला. अमेरिकेत ८८ वर अडकला. त्याची थोरवी लोकांना सावकाश उमगली. अल्बममधले शेवटचे गाणे, 'स्ट्रीट स्पिरिट', जानेवारी १९९६ मध्ये स्वतंत्रपणे निघाले आणि ब्रिटनमध्ये पाचव्या स्थानी पोचले. 'क्रीप' तिथे सातव्याच्या वर गेले नव्हते.