सीव्ही मागितलाय की रेझ्युमे?

जाहिरातीत 'सीव्ही पाठवा' असं दिसलं की आपण जुनी फाइल उघडतो, शेवटच्या नोकरीची एक ओळ वाढवतो आणि देतो पाठवून. पुढच्या जाहिरातीत 'रेझ्युमे' असतं, तिथेही तीच फाइल जाते. फरक विचारला तर उत्तर ठरलेलं: 'एकच ना ते?'

सीव्ही म्हणजे करिक्युलम व्हिटे, मूळ लॅटिन, अर्थ 'आयुष्याची वाटचाल'. रेझ्युमे फ्रेंचमधून आला, अर्थ 'सारांश'. अस्सल सीव्हीत प्रबंध, शोधनिबंध, परिषदा, शिकवलेले विषय असं सगळं येतं आणि तो वर्षागणिक वाढत जातो. आठ-दहा पानं झाली तरी कोणी नाक मुरडत नाही. रेझ्युमे एका पानाचा, फार तर दोन.

गोंधळ आपल्या अज्ञानामुळेच होतो असंही नाही. ब्रिटनमध्ये साध्या नोकरीच्या अर्जालाही सीव्हीच म्हणतात आणि तो दोन पानांत आटोपतो. अमेरिकेत सीव्ही मुख्यतः विद्यापीठं आणि संशोधनसंस्थांसाठी, कंपनीसाठी रेझ्युमे. त्यामुळे जाहिरातीतल्या शब्दापेक्षा मागणारा कोण, हे आधी पाहावं. कंपनीने 'सीव्ही' म्हटलं तरी तिला बहुतेकदा दोन पानंच हवी असतात.

समजा, एकीने पावसाच्या नोंदींवर पीएचडी केली आहे. प्राध्यापकपदासाठी ती प्रबंधाचं पूर्ण शीर्षक, मार्गदर्शकाचं नाव, वर्ष आणि त्यातून निघालेले निबंध ओळीने देईल. तीच डेटा विश्लेषकाच्या जागेसाठी अर्ज करते तेव्हा शीर्षक वाचायला कोणाला वेळ आहे? तिथे ओळ अशी हवी: '30 वर्षांच्या पावसाच्या नोंदी पायथॉनमध्ये तपासून दुरुस्त केल्या, दोन दिवसांचं हाताचं काम 20 मिनिटांवर आणलं.' काम तेच, पण दुसऱ्या ओळीत तिला काय येतं ते दिसतं. 'विश्लेषणाची जबाबदारी सांभाळली' एवढंच लिहिलं असतं तर काहीच दिसलं नसतं. जबाबदारी खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाकडे असते.

मला विचाराल तर रेझ्युमे जास्त छळतो. सीव्हीला नोंदी नीट ठेवण्याची शिस्त पुरते. रेझ्युमेत मेहनतीने मिळवलेलं प्रमाणपत्र केवळ या जागेशी संबंध नाही म्हणून खोडावं लागतं, आणि हात धजावत नाही. त्यावर तोडगा म्हणजे सगळं असलेला मोठा सीव्ही स्वतःजवळ ठेवायचा आणि प्रत्येक जाहिरातीसाठी त्यातून रेझ्युमे कापून काढायचा. खोडलेलं काही हरवत नाही, म्हणून कात्रीही मोकळी चालते.

बऱ्याच कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं. दोन रकान्यांची सजावट आणि तक्ते त्याला नीट वाचता येतीलच असं नाही, तेव्हा मांडणी साधी ठेवा आणि जाहिरातीतलं कौशल्य खरंच येत असेल तर त्याच शब्दांत लिहा.

आणि हो, फाइलला स्वतःचं नाव द्या. 'फायनल-नवीन-2' नको.