भरावाचा रस्ता आणि पाण्याची वाट

पावसाळ्याच्या तोंडावर बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले जातात, हे कोल्हापूर जिल्ह्यात कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. पाऊस सरला की दगडी खांबांच्या खाचांत बर्ग्यांच्या दोन रांगा बसवायच्या, मधल्या पोकळीत माती ठासायची, उन्हाळाभर पाणी अडवायचे आणि मृगाआधी ते सगळे काढून नदीची वाट मोकळी करायची, ही कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची रीत आहे. दोन बेटांमधल्या उथळ समुद्रात दगडमातीचा भराव टाकून जो रस्ता, म्हणजे कॉजवे, बांधतात त्याला असे बर्गे नसतात. भराव बारमाही राहतो आणि कॉजवेमुळे झालेले बहुतेक पर्यावरणीय नुकसान या एकाच गोष्टीतून निघालेले आहे.

महाराष्ट्राला हा इतिहास मुंबईमुळे जवळचा आहे. 18व्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी वेलार्ड या बांधाने वरळीची खाडी बंद झाली, 1838 मध्ये कुलाब्याचा आणि 1845 मध्ये माहीमचा कॉजवे झाला. माहीमच्या कामाला लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी मोठी देणगी दिली. होडीतून खाडी ओलांडणाऱ्यांचे हाल त्यामुळे संपले, हे मान्यच केले पाहिजे. मात्र भरतीचे पाणी जिथे पसरत असे ती जागा आक्रसत गेली, आणि 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हा माहीमच्या खाडीला मिळणाऱ्या मिठी नदीला पसरायला जागाच उरलेली नव्हती.

लहान बेटांच्या बाबतीत स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनीचे उदाहरण अधिक बोलके आहे. ऑक्टोबर 1939 मध्ये जर्मन पाणबुडीने तिथल्या स्कापा फ्लो या नौदल तळात शिरून ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका बुडवली आणि 800हून अधिक नौसैनिक मृत्युमुखी पडले. पूर्वेकडचे अरुंद जलमार्ग बंद करण्याचा आदेश चर्चिल यांनी दिला, आणि लॅम्ब होम, ग्लिम्स होम, बरे अशा चिमुकल्या बेटांना साखळीसारखे जोडणारे चार बांध उभे राहिले. त्यासाठी इटालियन युद्धकैदीही राबले. 1945 च्या मे महिन्यात त्यांवरचा रस्ता अधिकृतपणे खुला झाला. ज्या जलमार्गांतून भरती-ओहोटीचा जोरदार प्रवाह वाहत असे तिथे पाणी थबकले, आणि थबकलेले पाणी वाळू खाली टाकते. चौथ्या बांधालगत पूर्वी नव्हता असा वाळूचा किनारा आणि वाळूच्या टेकड्या तयार झाल्या. वाट अडवण्यासाठी आधी बुडवलेले एक जहाजही त्या वाळूत गाडले गेले. तिथे पर्यावरणाचा विचार झाला नाही याचा दोष युद्धकाळाला देता येतो.

शांततेच्या काळात झालेल्या कामांना ती सबब नाही. प्रशांत महासागरातील किरिबाती देशात तारावा या कंकणद्वीपावरची, म्हणजे कड्यासारख्या रांगेतली, बेटे टप्प्याटप्प्याने भरावांनी जोडली गेली. बेतिओ आणि बैरिकी यांच्यामधला तीन किलोमीटरहून लांब कॉजवे 1987 मध्ये पूर्ण झाला. कंकणद्वीपाच्या आतल्या खारकच्छाचे, म्हणजे बेटांनी वेढलेल्या उथळ सरोवराचे, पाणी बेटांमधल्या फटींतून महासागराशी खेळते असते, आणि बोनफिशसारखे मासे त्याच वाटांनी विणीसाठी बाहेर जातात. फटी बुजल्या तसे पाण्याचे अभिसरण मंदावले, वाळूची ये-जा बदलली आणि माशांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटा तुटल्या. रस्ता लोकांना हवाच होता. पण मासळी हेच ज्यांचे रोजचे अन्न, त्यांच्या ताटातून त्याची किंमत वसूल व्हावी हे मला फार अन्यायाचे वाटते.

पंचगंगेकाठी समुद्र नाही, तरी महापुरात चिखली, आंबेवाडी ही गावे बेटेच होतात आणि त्यांना शहराशी जोडणारे रस्ते कॉजवेसारखे पाण्यातून जातात. राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेले आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली. त्यानंतर रस्त्याची उंची वाढवण्याचा विषय निघाला की पूरग्रस्त गावांतून एक मागणी हमखास येते : भराव नको, मोठ्या गाळ्यांचा, खांबांवरचा रस्ता करा. उंच भरावाला चार मोऱ्या ठेवून पूररेषेतले पाणी निघून जाईल हे कागदावर पटते, परंतु पुरात वाहून आलेला ऊस, झाडे आणि जलपर्णी त्या मोऱ्यांच्या तोंडाशी येऊन अडकते, आणि वरच्या बाजूला फुगवटा धरतो तो गावांच्या घरांत शिरतो.