मिरज-कोल्हापूर पॅसेंजर: एका फाट्याची पार्श्वभूमी

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथले पक्षकार आता कोल्हापूरला येतात आणि इथल्या रेल्वेचा विषय पुन्हा ऐरणीवर आला आहे. चर्चा मात्र मुंबईची गाडी आणि वंदे भारत यांच्यापुढे फारशी सरकत नाही. मला वाटतं, मिरजेपर्यंतच्या ४७ किलोमीटरकडे आधी बघायला हवं.

मिरज-कोल्हापूर हा रेल्वेचा फाटा कोल्हापूर संस्थानानं स्वतःच्या खर्चानं बांधला. १८८८ मध्ये काम सुरू झालं आणि १८९१ मध्ये मीटरगेजवर गाडी धावली. ती चालवायला सदर्न मराठा रेल्वेकडे दिली होती. शाहू महाराजांनी १८९४ मध्ये कारभार हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी स्टेशनजवळ शाहूपुरी पेठ वसवली. गुळाच्या व्यापाराला तिथं बळ मिळालं. १९१७ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावानं जयसिंगपूर वसवलं, तेही रुळाला लागून. आखीव रस्ते, पेठ आणि हाकेच्या अंतरावर स्टेशन. गाडी कुणासाठी आणि कुठल्या बाजारासाठी, याचा विचार त्या वेळी झालेला दिसतो.

याच मार्गावर कोल्हापूरजवळ असलेल्या वळिवड्याचा इतिहास तर वेगळाच आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातून सुटलेल्या पोलिश निर्वासितांची छावणी १९४३ मध्ये इथं उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बायका-मुलंच जास्त. ती १९४८ पर्यंत इथं राहिली. फाळणीनंतर त्याच परिसरात सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगरची कापडपेठ उभी राहिली. आजही लग्नाचा बस्ता बांधायला आसपासच्या गावांतून लोक गांधीनगरला जातात, आणि त्या पेठेचं स्टेशन म्हणजे वळिवडे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॉडगेज झालं, मुंबईला थेट गाड्या मिळाल्या. ही मोठीच सोय होती. पण तेव्हापासून कोल्हापूरची रेल्वे म्हणजे लांब पल्ल्याची रेल्वे, असं समीकरण बसलं. गंमत अशी की लांब पल्ल्याला हा मार्ग मुळात अडचणीचा. मिरजेला वळसा पडत असल्यानं रेल्वेनं पुणे ३२६ किलोमीटर, तर रस्त्यानं साधारण २३०. पुण्याला जायचं तर माणूस एसटी धरतो, हे साहजिक आहे. जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडीहून येणाऱ्याला मात्र हा वळसा नाही.

आणि नेमकी त्यालाच गाडीची गरज आहे. १९७२ मध्ये कोल्हापूरची महापालिका झाली, पण हद्दवाढ रखडलीच. शहर गावांत पसरलं, केएमटीचा, म्हणजे महापालिकेच्या बसचा ताफा मात्र आटत गेला. उरतं काय, तर वडाप (प्रवासी भरून नेणारी खासगी जीप-रिक्षा) नाही तर दुचाकी. पासधारक विद्यार्थी, दुकानातले कामगार, मिरजेच्या दवाखान्यात निघालेले पेशंट यांना स्वस्तात नेणारी गाडी म्हणजे पॅसेंजर. कोरोनात ती बंद पडली. परतली ती ‘स्पेशल’ होऊन, किमान तिकीट १० रुपयांवरून ३० वर गेलं. २०२४ च्या सुरुवातीला ते पुन्हा १० वर आलं, तोवर बऱ्याच जणांनी हप्त्यावर दुचाकी घेतली होती.

मार्गाचं विद्युतीकरण झालं, पण लाइन अजून एकेरी आहे. क्रॉसिंग असलं की पॅसेंजर रुकडीत नाही तर हातकणंगल्यात बाजूला काढतात आणि एक्सप्रेस पुढं जाते. कामावर वेळेत पोचायचं असणाऱ्याला ती पंधरा-वीस मिनिटं फार महाग पडतात. त्यामुळे दुहेरीकरण आणि सकाळ-संध्याकाळ जादा मेमू (जवळच्या पल्ल्याची विजेवरची गाडी) या मागण्या मला वंदे भारतइतक्याच तातडीच्या वाटतात.

इचलकरंजीला तर स्टेशनच नाही. एवढं कापड विणणारं शहर, जवळची गाडी हातकणंगल्याला. हातकणंगले-इचलकरंजी जोडमार्ग अर्थसंकल्पात आला, पुढं सरकला नाही. कोकण रेल्वेला जोडणारा कोल्हापूर-वैभववाडी मार्गही मंजुरीनंतर तसाच पडून आहे, आणि सिंधुदुर्गातला पक्षकार तारखेला घाट चढूनच येतो.