खून म्हटलं की अजून ३०२ च का आठवतं?

आमच्या वहिनी इग्नूचा पॅरालीगल (वकिलांना आणि लोकांना कायद्याच्या कामात मदत करणारे) डिप्लोमा करतायत. रात्री जेवणंखाणं, भांडी आवरली की साडेनऊला पुस्तक उघडतात आणि पिवळा हायलायटर घेऊन पानंच्या पानं रंगवतात. मागच्या रविवारी मी सहज विचारलं, खुनाला कलम कुठलं? त्यांच्या तोंडातून निघालं ३०२ आणि लगेच जीभ चावली, कारण १ जुलै २०२४ पासून जुन्या आयपीसीच्या (भारतीय दंड संहितेच्या) जागी भारतीय न्याय संहिता लागू झालीय आणि खुनाची शिक्षा आता कलम १०३ मध्ये आहे. "तीनदा वाचलंय हो भावजी, माझी मेमरीच वीक आहे."

मेमरी वीक वगैरे काही नाहीये, अभ्यासाची पद्धत गंडलीय. आणि हे मी उगाच धीर द्यायला म्हणत नाहीये.

२००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. कॉलेजच्या मुलांना दोन उतारे वाचायला दिले, मग एक त्यांनी परत वाचला आणि दुसरा पुस्तक मिटून जेवढा आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर परत वाचलेला उतारा पुढे, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने घेतली तर उलटं, परत वाचलेला ४२ वर घसरला आणि आठवून लिहिलेला ५६ वर. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि त्यालाच आपण 'येतंय मला' समजतो. पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं, परीक्षेत आणि पक्षकारासमोर आठवणंच लागतं.

आता माझा आवडता भाग. विसरणं म्हणजे आठवण पुसट होत जाणं असं आपल्याला वाटतं. १८८५ मध्ये एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ केल्या आणि विसरण्याचा तो प्रसिद्ध उतरता आलेख काढला. पुढे १९५७ मध्ये अंडरवुड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक गंमत दाखवली. ज्यांनी आधी ढीगभर याद्या पाठ केल्यात ते एका दिवसात नवीन यादीतला जवळपास ७५ टक्के भाग विसरतात आणि ज्यांनी आयुष्यात एकच यादी पाठ केलीय ते विसरतात फक्त २५ टक्क्यांच्या आसपास! म्हणजे काळापेक्षा जुनं पाठांतर जास्त आडवं येतं. याला जुन्याचा अडथळा म्हणू (इंग्रजीत प्रोॲक्टिव्ह इंटरफिअरन्स).

यंत्रणा अशी, की आठवायला एक खूण लागते आणि एकाच खुणेला दोन उत्तरं चिकटली की ती एकमेकांना ढकलतात, जास्त वेळा वापरलेलं उत्तर आधी बाहेर पडतं. खूण 'खून', उत्तरं ३०२ आणि १०३. फसवणूक म्हटलं की चारशे वीस, हे तर शिवीसारखं भाषेतच मुरलंय, तिथे बिचारं ३१८ कुठे टिकणार. याहून वाईट म्हणजे आकडा तोच आणि अर्थ वेगळा. जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, तिच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि ते अंगभूत अधिकार गेले ५२८ ला. नव्या न्याय संहितेतही ३०२ आहेच, पण ते धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहे. त्यामुळे व्हॉट्सअपवर फिरणारे 'जुनं कलम – नवं कलम' तक्ते घोकणं म्हणजे अडथळा आपल्या हाताने बांधणं, कारण तिथे दोन आकडे शेजारी बसतात आणि दोघांनाही धरून ठेवायला दुसरं काहीच नसतं.

उपाय म्हणजे खूणच बदलायची. मी वहिनींना जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं करून दिली. पुढे प्रसंग: 'दखलपात्र गुन्हा आहे, ठाण्यात फिर्याद घेत नाहीत, बाई रडतेय, काय सांगाल?' मागे उत्तर: नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४), लेखी माहिती एसपींना पाठवा, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. आधी तोंडाने उत्तर द्यायचं आणि मगच कार्ड उलटायचं. उलटून बघायचा कंटाळा मात्र करायचा नाही, नाहीतर चुकीचं उत्तरच पक्कं होतं. आलेलं कार्ड चार दिवसांनी, मग दहा-बारा दिवसांनी परत काढायचं. थोडं विसरायला आलेलं असताना आठवायला त्रास होतो, तोच उपयोगी असतो. असाइनमेंटचंही तेच, सोडवलेल्या पीडीएफवरून उतरवून काढल्या तर हात दुखेल, बाकी काही होणार नाही.

मुलांच्या शाळेबाहेर मिडब्रेन ॲक्टिव्हेशनची (मेंदू 'जागा' करून मुलांना डोळे बांधून वाचायला शिकवतो म्हणणाऱ्या क्लासची) पत्रकं वाटतात, तसल्या क्लासच्या नादी लागू नका. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारी मुलं पट्टी आणि नाकाच्या फटीतून बघत असतात, एवढंच. आणि 'मी व्हिज्युअल लर्नर आहे', म्हणजे मला बघूनच लक्षात राहतं, हे इंग्रजी फॅडही तसंच. आपापल्या स्टाइलने शिकवलं की जास्त लक्षात राहतं याला धड पुरावा नाही, २००८ मध्ये त्याचा सविस्तर आढावा घेऊन झालाय.

जुनं विसरून टाका असंही सांगता येत नाही, कारण १ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्यांना आयपीसीच लागते. परवा वहिनी पोळ्या लाटत होत्या, मी विचारलं, ४८२ काय आहे? लाटणं न थांबवता म्हणाल्या, "कुठलं, जुनं की नवं?"